आत्ता तर चालतंय!

"काकू, बघा, आत्ता तर चालतंय."

गेल्या हिवाळ्यात हे वाक्य आमच्या घरात तीन वेगवेगळ्या माणसांनी म्हटलं आणि तिघांनीही त्याचे पैसे घेतले. तिघंही खरंच बोलत होते. त्या क्षणी गिझर चालत होता. माझं भांडण त्या वाक्यानंतर जे घडतं त्याच्याशी आहे. वाक्य म्हणून झालं की पाने-पक्कड बॅगेत जातात, फोनवर ओटीपी मागितला जातो, "पाच स्टार द्या दादा" होतं आणि ॲपवर आपली तक्रार 'निवारण झाले' या खात्यात जाऊन पडते. बिघाड मात्र घरातच मुक्कामाला असतो.

आमचा गिझर गॅसवरचा. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या बैठ्या घरात तो तीन वर्षं मुकाट चालला. मग नोव्हेंबरात त्याला लहर आली. एखाद्या सकाळी नळ सोडला की लगेच पेटायचा. एखाद्या सकाळी नुसताच टकटकटक आवाज करायचा, पेटायचा नाही. आणि कधी व्यवस्थित पेटून, डोक्याला शाम्पू लावून झाला की विझायचा. पूर्ण बंद पडला असता तर एका दिवसात निकाल लागला असता. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची गोष्टच वेगळी. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही सांगता "काल बंद होता", समोरचा नळ सोडतो, ज्योत भक्कन पेटते आणि तो तुमच्याकडे असा बघतो, की तुम्हीच काहीतरी बनाव रचलाय.

पहिल्यानं सेल बदलले आणि 'बोर्ड गेलाय' म्हणून कंट्रोल युनिट बदललं. चौदाशे रुपये. चार दिवस गिझर छान चालला, पाचव्या दिवशी विझला. दुसरा आला. "बोर्ड उगाच बदलला हो, तुमचा पडदा गेलाय," म्हणत त्यानं रबरी पडदा आणि मायक्रोस्विच बदलला. साडेसहाशे. पुन्हा चार-पाच दिवस सुख, पुन्हा बोंब. तिसऱ्यानं उघडून पाहिलं, सगळं नवंच दिसलं. बदलायला काही उरलं नव्हतं. मग त्यानं बाथरूमभर नजर फिरवली आणि म्हणाला, "काकू, वाऱ्यानं विझतोय. खिडकी बंद ठेवत जा."

त्यानं फक्त व्हिजिटचे साडेतीनशे घेतले. तिघांमध्ये सगळ्यात महागात पडणार होता तो हाच.

पुढच्याच आठवड्यात आजी अंघोळ करून भिंत धरत बाहेर आली. "डोकं जड झालंय गं, मळमळतंय." ती शहात्तर वर्षांची आहे, सकाळचा चहा आणि बीपीची गोळी तेवढी झालेली. आईनं लिंबूसरबत दिलं. पित्त असेल, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. दुपारी मीटिंगमध्ये बसलो असताना माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी हललं: बाथरूमची खिडकी बंद होती.

गॅस जळायला हवा लागते. छोट्या बंद बाथरूममध्ये गिझर चालला की आतला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट पकडून बसतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. 'बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू' ही बातमी महाराष्ट्रात दर थंडीत कुठे ना कुठे छापून येते. आपण वाचतो, हळहळतो, पुढे स्क्रोल करतो. आमच्या घरी ती बातमी होता होता राहिली, कारण आजी अंघोळ भराभर आटोपते. दुसरं कारण नाही.

त्या संध्याकाळी मी गिझरचा गॅस बंद केला आणि पाणी चुलीवर, म्हणजे शेगडीवर, तापवायला लागलो. रागही आला. आधी त्या तिसऱ्या माणसाचा. मग स्वतःचा आला आणि तो जास्त टिकला.

कारण माझा धंदा हाच आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कुणीतरी कळवतं, "कधीकधी पेमेंट अडकतं." मी माझ्या लॅपटॉपवर चालवून बघतो. चालतं. मी शेरा मारतो, 'इथे घडवून पाहता आलं नाही', आणि तक्रार बंद करतो. स्प्रिंट संपते, आलेख खाली येतो, मॅनेजर खूश. त्या दूरच्या माणसाचे पैसे अडकलेलेच असतात. "आत्ता तर चालतंय" हे वाक्य गिझरवाल्यांनी शोधलेलं नाही. आम्ही पदवीधर लोक ते जास्त चांगल्या इंग्रजीत म्हणतो, एवढंच.

आणि आमच्या क्षेत्रात या वाक्यानं माणसं मेली आहेत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या, कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या यंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. त्यातल्या काहींचा जीव गेला. १९८५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनचा अपघात झाल्यावर बनवणाऱ्या कंपनीच्या, ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेडच्या, इंजिनिअरांना तो बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही. मग त्यांनी अंदाज बांधला की दोष एका मायक्रोस्विचचा असावा. त्या भागाची रचना सुधारली आणि जाहीर केलं की यंत्र आता किमान लाखपटीनं सुरक्षित झालंय. मायक्रोस्विच! हे वाचताना मला आमचं साडेसहाशेचं बिल आठवलं.

पुढच्या वर्षी टेक्सासातल्या टायलर गावच्या रुग्णालयात तेच घडलं. कंपनीचे लोक आले, यंत्र तपासलं, बिघाड काही दिसला नाही, यंत्र पुन्हा सुरू झालं. काही दिवसांतच तिथेच दुसरा रुग्ण भाजला. शेवटी खरं कारण सापडलं ते त्याच रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाला आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना. ते दोघं यंत्रापाशी बसून राहिले, त्या दिवशी नेमकं काय-काय केलं होतं ते आठवून पुन्हा पुन्हा करत राहिले. तेव्हा कळलं की बाईंचा टायपिंगचा हात सरावानं वेगवान झाला होता. चुकून भरलेली नोंद काही सेकंदांच्या आत सुधारली, तर पडद्यावर नवी नोंद दिसायची आणि यंत्राच्या आतली मांडणी जुनीच राहायची. कंपनीच्या माणसांनी सावकाश टाईप करून पाहिलं असेल तर त्यांना ते कसं दिसणार? बिघाड यंत्राच्या एकट्याच्या पोटात नव्हताच. तो यंत्र आणि ते वापरणारं माणूस यांच्या मधल्या जागेत होता.

मलाही आमच्या घरातली ती मधली जागा शोधायची होती. आधी गिझर काय करतो ते नीट समजून घेतलं. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मी बर्नोलीचं समीकरण सहा मार्कांना लिहिलं होतं, पण घरातली एकही वस्तू उघडून पाहिली नव्हती. गिझरची गोष्ट तशी सोपी आहे. नळ सोडला की पाणी आतून वाहतं. त्या पाण्याच्या जोरानं एक रबरी पडदा ढकलला जातो, पडदा एक दांडी ढकलतो, दांडी मायक्रोस्विच दाबते. मग दोन सेलच्या तीन व्होल्टवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते, ज्योत पेटते. ज्योतीपाशी एक सेन्सर असतो, त्याला ज्योत 'दिसली' नाही तर झडप बंद. पाण्याचा जोर कमी झाला तरी पडदा मागे सरकतो आणि झडप बंद. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. पाणी नसताना आच सुरू राहिली तर आतली तांब्याची नळी जळेल.

मग मी वही केली. तारीख, वेळ, पेटला की नाही, किती मिनिटांनी विझला, स्वयंपाकघरातला नळ सुरू होता का, वारा होता का. खिडकी सताड उघडी ठेवून, दार उघडं ठेवून, अंघोळ न करता नुसता नळ सोडून दहा दिवस चाचणी घेतली. वाऱ्याचा संबंध शून्य. सेलचा शून्य. स्वयंपाकघरातला नळ सोडला की कधीकधी विझायचा, कधीकधी नाही. पुन्हा तेच 'कधीकधी'.

मी वही घेऊन डायनिंग टेबलावर डोकं धरून बसलो होतो. आई म्हणाली, "चौदा तारखेला कसा चालेल? चौदाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते."

"त्याचा काय संबंध?"

"मला काय माहीत संबंध. पण पाणी आलं की चालतो तो."

आणि तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं. आमच्या शहरातल्या कुठल्याही घरात असतं तसं: नळाला पाणी आलेल्या दिवसाला निळा गोल, सिलिंडर लावला त्या दिवशी 'सि', टँकर मागवला त्या दिवशी 'टँ'. मी दहा दिवसांची वही केली होती. तिच्याकडे कित्येक वर्षांची होती. माझ्या फुल्या आणि तिचे निळे गोल शेजारी ठेवले आणि पाच मिनिटांत बिघाड सापडला.

आमच्याकडे पाणी कित्येक दिवसांआड येतं. ते जमिनीखालच्या हौदात पडतं आणि तिथून मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत जातं. आधी आई टाकी रोज काठोकाठ भरायची. यंदा आमच्या भागात दोन पाण्यांमधलं अंतर वाढलं, तशी तिनं काटकसर सुरू केली. पाणी आलं की दोन-तीन दिवस टाकी भरलेली. त्यानंतर पुढचं पाणी येईपर्यंत अर्धीच, किंवा त्याहून कमी. "टाकीत दिसलं की सगळे सांडतात," हा तिचा सिद्धांत.

आता साधं गणित करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. आमच्या टाकीचा तळ गिझरच्या तोंडापेक्षा जेमतेम १.९ मीटर उंच. टाकी १.२ मीटर उंच. म्हणजे टाकी पूर्ण भरलेली असेल तर दाब ०.३१ बार, तळाला गेली की ०.१९. गिझरबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय, पाण्याचा किमान दाब ०.२५ बार. ही रेघ बरोबर टाकीच्या मध्यावर येते. अर्ध्याच्या वर पाणी, की गिझर चालणार. अर्ध्याच्या खाली, की नाही. आणि पाणी रेघेच्या आसपास असेल तेव्हा कुणी भांडी घासायला नळ सोडला की विझणार.

मग तंत्रज्ञ आले की तो दरवेळी कसा चालायचा? पाण्याच्या दिवशी आई हटकून घरी असते, म्हणून ती त्यांनाही त्याच दिवशी बोलवायची. त्या दिवशी टाकी काठोकाठ. कुठलाही भाग बदला किंवा बदलू नका, गिझर चालणारच. पुढचे चार दिवसही चालणार. प्रत्येक दुरुस्ती यशस्वी दिसायची आणि प्रत्येक जण खरं बोलल्यासारखा वाटायचा.

गिझर कधी बिघडलाच नव्हता. पुरेसं पाणी नसेल तर विझायचं, हे त्याचं काम तो चोख करत होता. निर्दोष वस्तूचे आम्ही दोन वेळा भाग बदलले आणि शेवटी तिच्या नादात खिडकी बंद करून आजीला धोक्यात घातलं.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्या तंत्रज्ञावर काय घसरतोस? त्याला दिवसाला आठ-दहा कॉल असतात. त्यानं तुझ्या घरी दहा दिवस वही घेऊन बसायचं का? अगदी बरोबर. त्याला पैसे कॉल बंद करण्याचे मिळतात, कारण शोधण्याचे मिळत नाहीत. भाग बदलला तर बिल होतं. "टाकी उंच करा" म्हटलं तर बिल होत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण तरी काय करतो? अर्धा तास डोकं लावून "बोर्ड ठीक आहे" सांगणाऱ्याला आपण शंभर रुपये देताना कुरकुरतो, आणि पाच मिनिटांत बोर्ड बदलणाऱ्याला चौदाशे देऊन वर चहा पाजतो. वस्तूचे पैसे द्यायला आपली हरकत नसते, विचाराचे द्यायला असते. म्हणून माझा राग त्या तिघांवर फार टिकला नाही.

पण एक गोष्ट मी सोडायला तयार नाही. "मला कळलं नाही" हे म्हणायला पैसे पडत नाहीत. तिसऱ्या माणसानं तेवढं म्हटलं असतं तर आम्ही खिडकी बंद केली नसती. माहीत नसणं हा गुन्हा नाही. अंदाज माहितीच्या भावात विकणं हा आहे. आणि तो गुन्हा टायलरला गेलेले इंजिनिअर, आमचा गिझरवाला आणि 'घडवून पाहता आलं नाही' लिहून मोकळा होणारा मी, असे सगळे सारखाच करतो.

याच साखळीत अजून एक कडी मागे गेलो की आपण नळापाशी पोचतो. गोदावरीवरचं जायकवाडी धरण इथून पन्नास-साठ किलोमीटरवर पैठणला आहे. तिथून पाणी आणायची १,६८० कोटींची नवी योजना जाहीर झाली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. नंतर तिचा आकडा २,७४० कोटींवर गेला. दरम्यानच्या वर्षांत शहरानं 'जलवाहिनी फुटली' आणि 'पाणीपुरवठा पूर्ववत' या दोन बातम्या आलटून पालटून वाचल्या. 'पूर्ववत' म्हणजे काय हो? म्हणजे "आत्ता तर चालतंय." जोड मारला, पाणी सुरू झालं, तक्रार बंद. अधूनमधून येणारं पाणी हाही अधूनमधूनचाच बिघाड आहे. आणि तो निव्वळ गैरसोयीचा नाही. नळाची लाईन रिकामी पडली की आतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत शिरायची वाट मोकळी होते. आपण मात्र त्याची इतकी सवय करून घेतलीय की त्याला बिघाड म्हणायचंच विसरलो. आपण त्याला 'वेळापत्रक' म्हणतो.

आणि हे कुठे, तर पाणचक्कीच्या गावात. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात आजही पर्यटक सेल्फी काढतात ती पाणचक्की कशावर फिरायची? डोंगराकडून नळांतून आणलेलं पाणी उंच भिंतीत चढवायचं आणि तिथून खाली पाडायचं. पाण्याची उंची म्हणजेच जोर, हे या गावाला मोटार, वीज आणि इंजिनिअरिंग कॉलेज यायच्या शेकडो वर्षं आधी ठाऊक होतं. आमच्या घरात मात्र तीन तंत्रज्ञ आणि एका पदवीधर इंजिनिअरला ते एका कॅलेंडरनं शिकवलं.

मग करायचं काय? पहिलं, घरातल्या कुठल्याही लहरी वस्तूची वही करा. फोनमध्ये करा, कॅलेंडरवर करा. वेळ आणि तारीख लिहा. जी गोष्ट असंबद्ध वाटते, म्हणजे पाणी कधी आलं, लाईट कधी गेली, कोण घरी होतं, तीही लिहा. दुसरं, दुरुस्त करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "हा भाग खराब आहे हे कशावरून कळलं?" उत्तर 'बदलून बघू' असेल तर तोही एक मार्ग आहे, पण मग न चालल्यास भाग परत, हे आधी ठरवा. जुना भाग मागून घ्या. तिसरं, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्या हक्काचा अर्थ नुसते सुटे भाग मिळणं एवढाच घेऊ नका. कारण कळणं हा त्यातला पहिला हक्क असायला हवा. 'किमान दाब ०.२५ बार' ही ओळ पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ती गिझर विकताना दुकानदारानं तोंडानं सांगायला हवी आणि बसवणाऱ्यानं टाकीकडे मान वर करून बघायला हवं. आणि चौथं, गॅस गिझर कोंडलेल्या बाथरूममध्ये असेल तर हा लेख अर्धवट सोडा आणि आधी त्याची जागा बदला. कुणी काहीही सांगो, खिडकी बंद करू नका.

आम्ही फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून टाकी दीड मीटर वर चढवली. गिझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत गेला. तेव्हापासून विझलेला नाही. तरी मी 'दुरुस्त झाला' म्हणत नाही, वहीत रोज टिक करतो. आई अजून टाकी अर्धीच भरते, आता तिला तो हक्क आहे.

मागच्या सोमवारी ऑफिसात मी बंद केलेल्या चार जुन्या तक्रारी पुन्हा उघडल्या. 'इथे घडवून पाहता आलं नाही' हा शेरा खोडून प्रत्येकीखाली लिहिलं: 'कारण अजून कळलेलं नाही.' मॅनेजरनं विचारलं, "अरे, पण आत्ता चालतंय ना?"

मी विचारलं, "टाकी किती भरलीय?"